१,९६४ यार्ड आणि १२ पराभव: कॅल्विन जॉन्सनचे प्रकरण

२२ डिसेंबर २०१२ रोजी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड मैदानावर अटलांटा फाल्कन्सविरुद्धच्या सामन्याच्या चौथ्या सत्रात कॅल्विन जॉन्सनने सहकारी मॅथ्यू स्टॅफर्डने फेकलेला एक चेंडू झेलला आणि अमेरिकन फुटबॉलमधला १७ वर्षे टिकलेला एक विक्रम मोडीत निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरी राइसने १९९५ च्या हंगामात झेलांच्या जोरावर १,८४८ यार्ड मिळवले होते आणि तो आकडा ओलांडण्यासाठी जॉन्सनला त्या सामन्यात १८२ यार्डांची गरज होती. त्याने ११ झेलांमध्ये २२५ यार्ड मिळवले. विक्रमाचा चेंडू घेऊन तो मैदानाच्या कडेला गेला आणि तिथे उभ्या असलेल्या आपल्या वडिलांच्या हाती त्याने तो दिला. त्या सामन्यात त्याचा संघ डेट्रॉइट लायन्स ३१-१८ असा हरला. हा त्यांचा सलग सातवा पराभव होता आणि पुढच्या आठवड्यात आठवाही झाला. हंगाम संपला तेव्हा जॉन्सनच्या नावावर १,९६४ यार्ड होते आणि लायन्सच्या नावावर चार विजय आणि १२ पराभव.

यानंतर अवघ्या सव्वातीन वर्षांनी, ८ मार्च २०१६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी जॉन्सन निवृत्त झाला. त्याच्या करारात आणखी काही वर्षे बाकी होती आणि शेवटच्या हंगामातही त्याने १,२१४ यार्ड मिळवले होते, म्हणजे उतरणीला लागलेल्या खेळाडूला बाजूला सारले असे या निवृत्तीबद्दल म्हणता येत नाही. विक्रम आणि निवृत्ती या दोन घटनांकडे बहुतेक वेळा स्वतंत्रपणे पाहिले जाते. माझ्या मते त्या एकाच परिस्थितीतून निघालेल्या आहेत, आणि ती परिस्थिती समजून घेण्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

खेळाची थोडी पार्श्वभूमी

ज्या वाचकांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की, अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक अंतर, पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. चेंडू हाती घेऊन धावत जाणे किंवा तो फेकून पुढच्या सहकाऱ्याकडे पोहोचवणे हे त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. फेकणारा तो क्वार्टरबॅक आणि झेलण्यासाठी धावणारा तो रिसीव्हर. चेंडू जिथून खेळात आला त्या रेषेपासून, झेल घेतलेला रिसीव्हर जिथे पाडला जातो तिथपर्यंतचे अंतर त्याच्या खात्यावर यार्डांमध्ये जमा होते. यातली कळीची बाब अशी की, रिसीव्हर स्वतः काहीही सुरू करू शकत नाही. पुढची फळी क्वार्टरबॅकला किती वेळ देते, क्वार्टरबॅक कोणाकडे पाहतो, संघ धावण्याचा पर्याय वापरतो की फेकण्याचा, या सगळ्या गोष्टी त्याच्या हाताबाहेरच्या आहेत. फलंदाज निदान स्ट्राइकवर आल्यावर आपल्या वाट्याचा चेंडू खेळतोच, रिसीव्हरला मात्र चेंडू दुसऱ्याने पाठवावा लागतो.

या मर्यादेत राहून जॉन्सन जे करत असे ते विलक्षण होते. जन्म २९ सप्टेंबर १९८५, जॉर्जिया राज्यातला. शालेय फुटबॉल तो टायरोन या गावातल्या सँडी क्रीक हायस्कूलकडून खेळला आणि त्यानंतर अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात तीन हंगाम. २००६ मध्ये महाविद्यालयीन स्तरावरच्या सर्वोत्तम रिसीव्हरला दिला जाणारा बिलेत्निकॉफ पुरस्कार त्याला मिळाला. उंची सहा फूट पाच इंच, वजन सुमारे १०८ किलो, आणि इतका धिप्पाड असूनही व्यावसायिक संघांसमोरच्या चाचणीत दुसऱ्याचे बूट मागून घेऊन त्याने ४० यार्डांचे अंतर ४.३५ सेकंदांत कापले. एवढा वेग हलक्या, चपळ खेळाडूंनाही सहसा गाठता येत नाही. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. तिथे रॉय विल्यम्स या सहकाऱ्याने त्याला एका काल्पनिक महाकाय यंत्रमानवाचे, मेगाट्रॉनचे, नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. या टोपणनावामुळे एक नुकसान झाले असे मला नेहमी वाटते. यंत्राला दुखत नाही, आणि हा माणूस मात्र नऊ वर्षे दुखणी घेऊन खेळत होता.

हरणाऱ्या संघातली नऊ वर्षे

डेट्रॉइट लायन्सने शेवटचे अजिंक्यपद १९५७ मध्ये मिळवले होते. त्यानंतर जॉन्सन येईपर्यंतच्या अर्धशतकात त्यांनी बाद फेरीतला एकच सामना जिंकला होता, तोही जानेवारी १९९२ मध्ये. जॉन्सनच्या दुसऱ्याच हंगामात, २००८ मध्ये, संघाने १६ पैकी १६ सामने गमावले. १६ सामन्यांच्या हंगामात असे त्याआधी कोणत्याही संघाचे झाले नव्हते. त्या हंगामात क्वार्टरबॅकच्या जागी एकामागून एक माणसे बदलत गेली, तरीही जॉन्सनने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) मिळवले, आणि झेल घेऊन केलेल्या टचडाउनच्या बाबतीत तो साऱ्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत, संयुक्तपणे पहिला होता. एकही सामना न जिंकलेल्या संघात असा खेळाडू असावा, ही गोष्ट पुढच्या सगळ्या घटनांची पूर्वसूचना होती.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आला आणि चित्र हळूहळू पालटले. २०११ मध्ये लायन्सने १० सामने जिंकले, स्टॅफर्डने ५,००० यार्डांचा टप्पा ओलांडला आणि जॉन्सनने १,६८१ यार्डांसह १६ टचडाउन केले. त्या वर्षी डॅलसविरुद्ध २४ गुणांनी मागे असताना संघाने ३४-३० असा विजय खेचून आणला. त्या सामन्यातला एक टचडाउन जॉन्सनने तीन बचावपटूंच्या मधून उडी मारून झेलला होता. स्टॅफर्डने तो चेंडू मोकळ्या जागेत टाकलाच नव्हता. गर्दीत उंच फेकला, कारण त्या उंचीवर एकच हात पोहोचणार हे त्याला ठाऊक होते. संघाचा हा विश्वास पुढे इतका वाढला की, त्याला दुसरा पर्यायच उरला नाही.

त्याआधीची, १२ सप्टेंबर २०१० ची, एक घटना इथे सांगायला हवी. शिकागोतल्या सामन्यात जेमतेम अर्धे मिनिट बाकी असताना जॉन्सनने गोलक्षेत्रात झेल घेतला, त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले, तो खाली बसला आणि उठता उठता हातातला चेंडू जमिनीवर टेकून सुटला. पंचांनी झेल नाकारला, कारण खाली पडणाऱ्या खेळाडूने झेलाची क्रिया शेवटपर्यंत पूर्ण करावी असा नियम होता. लायन्स १९-१४ असे हरले. १९९९ च्या विश्वचषकात हर्शेल गिब्जने स्टीव्ह वॉचा झेल हवेत उधळण्याच्या घाईत सोडला, ते पाहिलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला या निर्णयामागचे तत्त्व सहज कळेल. फरक इतकाच की, गिब्जच्या चुकीबद्दल कोणाला शंका नव्हती, जॉन्सनच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक पाहणाऱ्याला तो झेल वाटला. पुढची आठ वर्षे हा नियम बोलीभाषेत त्याच्याच नावाने ओळखला गेला आणि अशाच अनेक वादांनंतर २०१८ मध्ये लीगने तो बदलला. जॉन्सन तोपर्यंत दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता.

२०१२ चा हंगाम

विक्रमाच्या हंगामाआधी, मार्च २०१२ मध्ये, संघाने जॉन्सनबरोबर आठ वर्षांचा नवा करार केला. त्याची रक्कम १३ कोटी २० लाख डॉलरपर्यंत जाणारी होती आणि त्यात १ कोटी ६० लाख डॉलरचा साइनिंग बोनस होता. या बोनसचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

हंगामाच्या मध्यावर संघाचे चार विजय आणि चार पराभव होते. नंतरचे आठही सामने संघाने गमावले. जॉन्सनने सलग आठ सामन्यांमध्ये १०० हून अधिक यार्ड मिळवण्याचा विक्रम याच काळात केला. त्या आठांपैकी फक्त पहिला सामना, ४ नोव्हेंबरचा जॅक्सनव्हिलविरुद्धचा, लायन्सने जिंकला. उरलेल्या सात सामन्यांत त्याने अनुक्रमे २०७, १४३, १४०, १७१, ११८, १२१ आणि २२५ यार्ड मिळवले आणि सातही सामने संघ हरला. यातला इंडियानापोलिसविरुद्धचा सामना शेवटच्या खेळीवर गेला, ह्यूस्टनविरुद्धचा जादा वेळेत. हे आकडे एकाखाली एक लिहून पाहिल्यावर मला जी अस्वस्थता वाटते, ती कोणत्याही विशेषणाने व्यक्त होण्यासारखी नाही.

असे का घडले? पहिले कारण खेळाच्या गणितात आहे. मागे पडलेला संघ वेळ वाचवण्यासाठी धावणे सोडून फेकण्यावर भर देतो. स्टॅफर्डने त्या हंगामात ७२७ वेळा चेंडू फेकला, आणि तोवर एका हंगामात कोणीही इतक्या वेळा फेकला नव्हता. दुसरे कारण संघाच्या रचनेत आहे. धावणारा मुख्य खेळाडू जाविद बेस्ट डोक्याला वारंवार बसलेल्या मारांमुळे २०१२ मध्ये मैदानात उतरूच शकला नाही. रिसीव्हर नेट बर्लसनचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला, तरुण रायन ब्रॉयल्सचा गुडघा डिसेंबरच्या सुरुवातीला गेला, आणि टायटस यंगला संघाने वर्तनाच्या कारणावरून बाजूला केले. डिसेंबरमध्ये स्टॅफर्डसमोर ओळखीचा असा एकच माणूस उरला होता, आणि ही गोष्ट प्रतिस्पर्ध्यालाही तितकीच स्पष्ट दिसत होती. तरीही दोन-दोन, तीन-तीन बचावपटूंच्या पहाऱ्यातून तो झेल घेत राहिला.

या हंगामाचा सर्वांत बोलका आकडा यार्डांचा नाही, टचडाउनचा आहे. १२२ झेल आणि १,९६४ यार्ड मिळवूनही जॉन्सनला फक्त पाच टचडाउन करता आले. योगायोग असा की, राइसनेही १९९५ मध्ये नेमके १२२ झेल घेतले होते, पण त्याचे टचडाउन १५ होते. जॉन्सन संघाला मैदानभर पुढे नेत असे, गोलरेषेच्या तोंडाशी पाडला जात असे आणि तिथून पुढचे थोडे अंतर दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवले जाई किंवा पारच होत नसे.

इथे थांबून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, हा विक्रम पराभवाचेच अपत्य होता. मीही बराच काळ तसेच मानत असे. परंतु २०२१ च्या हंगामाने या निष्कर्षाची जणू चाचणीच घेतली. त्या वर्षी स्टॅफर्ड डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला होता आणि तिथे त्याचा मुख्य रिसीव्हर होता कूपर कप. कपने १,९४७ यार्ड मिळवले, म्हणजे जॉन्सनचा विक्रम १७ यार्डांनी वाचला, आणि तोही कपला १७ सामने मिळालेले असताना, कारण त्याच वर्षापासून हंगाम एका सामन्याने वाढला होता. चेंडू फेकणारा तोच आणि यार्डांचा ढीग जवळपास तितकाच. मात्र रॅम्सने १२ सामने जिंकले, कपने १६ टचडाउन केले, संघाने सुपर बोल जिंकला आणि त्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही कपच ठरला. याचा अर्थ असा की, एकाच रिसीव्हरवर इतका भर देणे म्हणजे हरणे असे मुळीच नाही. रॅम्सकडे बचाव होता, आघाडीची भक्कम फळी होती आणि कपकडे पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शिक्षा करू शकणारे इतर खेळाडू होते. जॉन्सनच्या भोवती यांपैकी जे थोडेफार होते तेही २०१२ मध्ये गळून पडले. विक्रम त्याचा स्वतःचा होता आणि पराभव संघबांधणीचे होते. हे दोन्ही एकाच स्तंभात लिहिले गेले, एवढाच त्यांचा संबंध.

शरीराचा हिशेब

२०१३ मध्येही त्याचा जोर कायम होता. २७ ऑक्टोबर रोजी डॅलसविरुद्ध त्याने १४ झेलांमध्ये ३२९ यार्ड मिळवले. एका सामन्यात याहून अधिक यार्ड फक्त फ्लिपर अँडरसनने, १९८९ मध्ये, ३३६ मिळवले आहेत आणि तो सामना जादा वेळेत गेला होता. जॉन्सनचे ३२९ यार्ड ठरलेल्या साठ मिनिटांतले आहेत. या वेळी लायन्स ३१-३० असे जिंकले. पण त्याच हंगामात गुडघ्याने त्रास दिला, दोन सामने हुकले, आणि हंगाम संपल्यावर गुडघा व बोट या दोन्हींवर शस्त्रक्रिया झाल्या. २०१४ मध्ये घोट्याने तीन सामने घालवले. एकमेव लक्ष्य असलेल्या रिसीव्हरचे शरीर दुहेरी किंमत मोजते, कारण चेंडू त्याच्याकडे अधिक वेळा येतो आणि प्रत्येक वेळी त्याला पाडायला एकाऐवजी दोन-तीन जण धावून येतात. उंच उडी घेतलेल्या माणसाला हवेत स्वतःचे संरक्षण करता येत नाही, आणि जॉन्सनचा तर सगळा खेळच उंच उडीवर उभा होता. वेदनाशामक औषधे किती सहज हातात पडत असत, हे त्याने निवृत्तीनंतरच्या मुलाखतीत उघडपणे सांगितले.

बाद फेरीचे सामने त्याच्या वाट्याला दोनच आले. जानेवारी २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने २११ यार्ड आणि दोन टचडाउन मिळवले, संघ ४५-२८ असा हरला. जानेवारी २०१५ मध्ये डॅलसमध्ये पंचांनी लायन्सच्या बाजूने दंड जाहीर करून मग तो मागे घेतला आणि संघ २४-२० असा हरला. नऊ हंगामांत त्याच्या संघाचे ५४ विजय आणि ९० पराभव झाले. २०१५ मध्ये सात सामने जिंकून हंगाम संपला तेव्हा या संघाबरोबर अजिंक्यपद मिळेल अशी आशा धरण्यासारखे समोर काही नव्हते, आणि करार असल्यामुळे दुसरीकडे जाणे त्याच्या हातात नव्हते. त्याने पत्रकार परिषदही घेतली नाही. एक लेखी निवेदन दिले आणि तो थांबला. कारकिर्दीची बेरीज १३५ सामने, ७३१ झेल, ११,६१९ यार्ड, ८३ टचडाउन. जेरी राइस वीस हंगाम खेळला आणि त्याचे यार्ड २२,८९५ आहेत. जॉन्सनने कारकिर्दीच्या एकूण बेरजेची ती शर्यत सोडून दिली.

बोनसचा वाद

निवृत्तीनंतर संघाने साइनिंग बोनसचा काही भाग परत मागितला. बातम्यांमध्ये आलेला आकडा सुमारे १६ लाख डॉलरचा होता. यामागची व्यवस्था अशी की, बोनसची रक्कम खेळाडूला सुरुवातीला दिली जाते, पण हिशेबात ती कराराच्या वर्षांमध्ये, जास्तीत जास्त पाच वर्षांमध्ये, विभागली जाते, आणि खेळाडू स्वतःहून आधी निवृत्त झाला तर न खेळलेल्या वर्षाच्या वाट्याची रक्कम मागण्याचा हक्क संघाला असतो. म्हणजे मागणी नियमाला धरूनच होती, आणि ती पूर्ण रकमेचीही नव्हती.

तरीही तो निर्णय चुकीचा होता, असे मी स्पष्टपणे म्हणेन. याच संघाने १९९९ मध्ये हीच चूक केली होती. धावण्याच्या कलेतला अद्वितीय खेळाडू बॅरी सँडर्स वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वॉल्टर पेटनच्या सार्वकालिक विक्रमापासून १,४५७ यार्ड दूर असताना, आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला. संघाने बोनस परत मागितला, प्रकरण लवादाकडे गेले, निकाल संघाच्या बाजूने लागला आणि सँडर्स व लायन्स यांच्यात बरीच वर्षे दुरावा राहिला. एखाद्या संस्थेतून तिची दोन सर्वोत्तम माणसे तिशीच्या उंबरठ्यावर, हातात ताकद असताना, निघून जातात तेव्हा संस्थेने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. लायन्सने दोन्ही वेळा पावती पुढे केली. जॉन्सननेही नंतर जाहीरपणे सांगितले की, पैसे परत मिळाल्याशिवाय संघाशी पूर्वीसारखे संबंध जुळणार नाहीत. त्याच्या दृष्टीने रकमेपेक्षा ती मागितली गेली हे अधिक लागणारे होते.

पुढे

२०२१ मध्ये, पात्र होताच पहिल्याच वर्षी, जॉन्सन प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. नऊच हंगाम आणि बाद फेरीत एकही विजय नाही, अशा कारकिर्दीला मतदारांनी विलंब न लावता दिलेला हा मान होता. ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटन इथे पेटन मॅनिंग आणि चार्ल्स वुडसन यांच्याबरोबर त्याचा समावेश झाला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता, आणि या वयाचे काही खेळाडू तेव्हाही लीगमध्ये खेळत होते.

लायन्स दरम्यान नव्या व्यवस्थापनाखाली बदलत होते. जानेवारी २०२४ मध्ये फोर्ड फील्डवर त्यांनी ३२ वर्षांतला बाद फेरीतला पहिला विजय २४-२३ असा मिळवला, आणि हरलेल्या रॅम्सचा क्वार्टरबॅक होता मॅथ्यू स्टॅफर्ड. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सिअ‍ॅटलविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात, निवृत्तीनंतर साडेआठ वर्षांनी, संघाने जॉन्सनचे नाव आपल्या मानकऱ्यांच्या यादीत, प्राइड ऑफ द लायन्समध्ये, समाविष्ट केले. सोहळा झाला तो त्याच मैदानावर, जिथे त्याने विक्रमाचा चेंडू वडिलांच्या हाती दिला होता. त्या रात्री लायन्स ४२-२९ असे जिंकले.